कॉम्प्युटरचे पोर्ट: कोणती केबल कुठे लावायची आणि का

‘‘मॅडम, लॅपटॉपला टाइप-सी आहे, मॉनिटरलाही टाइप-सी आहे, केबल नीट बसलीय. मग ‘नो सिग्नल’ का येतंय?’’

मी एका शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. मला जितके प्रश्न विचारले जातात त्यात हा सगळ्यात वर आहे. बहुतेक वेळा लॅपटॉप बिघडलेला नसतो, मॉनिटरही ठणठणीत असतो. केबल फोनच्या चार्जरबरोबर आलेली असते आणि तिच्यात चित्र वाहून नेणाऱ्या ताराच नसतात. किंवा लॅपटॉपचा तो पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंगसाठी दिलेला असतो.

पोर्टचा आकार आपल्याला एवढंच सांगतो की कुठल्या केबलचं तोंड आत बसेल. त्यातून पुढे काय धावेल, किती वेगाने धावेल, किती वीज मिळेल, हे पोर्टच्या मागच्या सर्किटवर, मधल्या केबलवर आणि पलीकडच्या उपकरणावर ठरतं. तिघांपैकी जो सगळ्यात कमकुवत, त्याच्या चालीने बाकीचे चालतात. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी कोणाला न विचारता सुटतात. म्हणून खाली प्रत्येक पोर्टबद्दल सांगताना आकारापेक्षा मागच्या कामावर जास्त बोलणार आहे.

यूएसबी: आधी आयताकृती, मग टाइप-सी

यूएसबी १९९६ साली आलं. त्याआधी कीबोर्डला एक, माउसला दुसरा, प्रिंटरला तिसरा असे वेगवेगळे पोर्ट लागत आणि नवीन उपकरण लावलं की बऱ्याचदा कॉम्प्युटर बंद करून चालू करावा लागे. इंटेलमधल्या ज्या लोकांनी हा गोंधळ मिटवायचं मनावर घेतलं त्यात अजय भट्ट यांचं नाव ठळक आहे. चालू मशीनला उपकरण लावा, ते ओळखलं जाईल, वीजही त्याच तारेतून मिळेल, ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं मोल जाणवत नाही.

नेहमीचा चपटा आयताकृती पोर्ट म्हणजे टाइप-ए. प्रिंटरच्या मागे जो जवळपास चौकोनी, वरचे दोन कोपरे कापलेला पोर्ट असतो तो टाइप-बी. जुन्या फोनचा बारीक पोर्ट मायक्रो-बी. बाहेरच्या हार्ड डिस्कवर कधी कधी दोन भाग जोडल्यासारखा रुंद पोर्ट दिसतो, तोही मायक्रो-बीच, पण यूएसबी ३ चा. त्या रुंद पोर्टच्या मोठ्या भागात जुनी फोनची केबल बसते आणि डिस्क चालतेही, फक्त यूएसबी २ च्या वेगाने.

वेगाचा हिशोब असा. यूएसबी २.० हे २००० सालचं, सेकंदाला ४८० मेगाबिट. यूएसबी ३.० हे २००८ चं, ५ गिगाबिट, म्हणजे दहापट. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात हाती येतात तीस-चाळीस. १०० गिगाबाइटचे फोटो आणि व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर घ्यायचे असतील तर यूएसबी २ वर पाऊण तासाच्या पुढे जातं. तेच यूएसबी ३ वर फिरत्या तबकडीच्या डिस्कला पंधरा-वीस मिनिटं, आणि चांगली एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर चार-पाच मिनिटं. बॅकअप घेताना ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ म्हणून कोणी आलं की मी आधी मागे वाकून डिस्क कुठल्या पोर्टात आहे ते बघते.

टाइप-ए मध्ये हे दोन पोर्ट वेगळे ओळखायचे असतील तर आत टॉर्च मारा. यूएसबी २ मध्ये प्लास्टिकच्या जिभेवर चारच पट्ट्या दिसतात. यूएसबी ३ मध्ये त्या चार पट्ट्यांखेरीज वेगळ्या ओळीत आणखी पाच संपर्क असतात, एकूण नऊ. जीभ बहुतेकदा निळी असते, शेजारी ‘एसएस’ अशी अक्षरं आणि यूएसबीचं त्रिशूळासारखं चिन्ह असतं. निळ्या रंगावर मात्र पूर्ण विसंबू नका. तो सगळ्यांनी पाळलाच पाहिजे असा नियम नाही. काही कंपन्या काळ्या जिभेचा वेगवान पोर्ट देतात, आणि लाल किंवा पिवळा रंग कधी जास्त वेगासाठी, कधी मशीन बंद असतानाही चार्जिंग देणाऱ्या पोर्टासाठी वापरतात. एसएस ही अक्षरं रंगापेक्षा भरवशाची.

ते पाच संपर्क उशिरा टेकण्याचा एक परिणाम रोजच्या वापरात दिसतो. पेनड्राइव्ह हळूहळू, अडखळत आत सरकवला तर जुन्या चार पट्ट्या आधी टेकतात, कॉम्प्युटर त्याला यूएसबी २ चा समजून ओळखतो आणि तसाच वागवतो. यूएसबी ३ चा ड्राइव्ह विनाकारण मंद वाटला तर ‘इजेक्ट’ करून काढा आणि एका दमात पूर्ण आत घाला.

नावांचा घोळ मात्र उत्पादकांनी घातलेला आहे आणि तो ग्राहकाच्या माथी बसतो. जे आधी यूएसबी ३.० होतं तेच पुढे ३.१ जेन १ झालं आणि मग ३.२ जेन १. तिन्हींचा वेग तोच, ५ गिगाबिट. खोक्यावर ‘३.२’ वाचून कोणी जास्त वेगाच्या आशेने डिस्क घेतं. म्हणून खोक्यावरचा आवृत्तीचा आकडा सोडून द्या आणि ‘जीबीपीएस’च्या (म्हणजे सेकंदाला गिगाबिट) आधीचा आकडा शोधा: ५, १०, २०, ४०. २०२२ पासून यूएसबी चालवणाऱ्या संस्थेनेच वेगाचा आकडा थेट चिन्हात छापायला सांगितलं आहे, आणि टाइप-सी केबलवर ६० वॅट की २४० वॅट हेही. हा बदल खरंच लोकांच्या भल्याचा आहे.

आता टाइप-सी. २०१४ साली आलेलं हे लंबगोल तोंड, २४ संपर्कांचं, उलट-सुलट कसंही घाला. आकार एक, पण त्यामागे किमान चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. नुसतं यूएसबी २ आणि चार्जिंग. वेगवान यूएसबी, पण चित्र नाही. वेगवान यूएसबी आणि त्याच्या जोडीला डिस्प्लेपोर्टचं (हा मॉनिटरचा पोर्ट, पुढे येईल) चित्र. आणि थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४, ज्यात डेटा, चित्र, वीज असं बहुतेक सगळं येतं. एकाच लॅपटॉपवर शेजारी-शेजारी दोन टाइप-सी असतात आणि त्यातला एकच मॉनिटर चालवतो, असंही होतं.

ओळखायचं कसं? पोर्टशेजारच्या बारीक चिन्हांकडे बघा. विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट. ‘डी’ आणि ‘पी’ ही अक्षरं एकात एक गुंफलेली असतील तर चित्र येतं. बॅटरीचं किंवा प्लगचं चिन्ह असेल तर त्यातून लॅपटॉप चार्ज होतो. काहीच चिन्ह नसेल तर अंदाज बांधत बसू नका. लॅपटॉप उलटा करून स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, शेवटच्या अक्षरांसकट, आणि कंपनीच्या साइटवर त्याच नंबरचं तपशीलपत्र उघडा. तिथे ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ (चित्र) किंवा ‘पॉवर डिलिव्हरी’ (चार्जिंग) असं लिहिलेलं असेल तर ती सोय आहे. लिहिलेलं नसेल तर नाही असंच धरून चला. एकाच मालिकेतल्या दोन मॉडेलांत पोर्ट वेगळे निघतात, म्हणून शेवटची अक्षरं महत्त्वाची.

थंडरबोल्ट २०११ मध्ये आलं तेव्हा त्याचं तोंड मिनी डिस्प्लेपोर्टचं होतं. २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते टाइप-सी मध्ये आलं, ४० गिगाबिटच्या वेगाने. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना, किंवा एकाच केबलवर दोन मॉनिटर, नेटवर्क आणि चार्जिंग असा डॉक लावणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग. कीबोर्ड-माउस आणि पेनड्राइव्हपुरतं काम असेल तर त्यासाठी जास्त पैसे घालवू नका, असं मी स्पष्ट सांगते.

चार्जिंग: इथे सावध राहा

टाइप-सी चार्जिंग सुरक्षित आहे कारण चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात ठरवतात. सुरुवात ५ व्होल्टने होते, मग लॅपटॉप मागतो आणि चार्जरला जमत असेल तर ९, १५, २० व्होल्टपर्यंत चढतं. त्यामुळे फोनचा छोटा चार्जर लॅपटॉपला लावला तर लॅपटॉप जळत नाही. तो अगदी संथ चार्ज होतो, किंवा ‘स्लो चार्जर’ असा संदेश येतो, किंवा चार्जिंग सुरूच होत नाही. केबलचाही वाटा आहे: साध्या टाइप-सी केबलमधून ३ अँपिअर जातात, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्यापुढे जायचं तर ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या तोंडात ओळख सांगणारी एक चिप असते. १०० वॅटचा चार्जर आणून जुनीच केबल वापरली तर ६० च्या पुढे काही मिळणार नाही. २०२१ पासून ही मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली आहे, अर्थात त्यासाठी चार्जर, केबल, लॅपटॉप तिन्ही त्या ताकदीचे हवेत.

गोल पिनेच्या जुन्या चार्जरमध्ये अशी कुठलीही बोलणी होत नाहीत. आहे ती वीज थेट आत जाते. दोन वेगळ्या चार्जरच्या पिना एकाच मापाच्या असतात आणि एक १२ व्होल्टचा, दुसरा १९ चा असतो. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो, असं इथे अजिबात समजू नका. चार्जरवरचं आणि लॅपटॉपखालचं लेबल शेजारी ठेवून वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर चार्जरचे तेवढेच किंवा जास्त हवेत. आणि गोलाच्या चित्रात अधिक-उणे कुठल्या बाजूला दाखवलंय तेही सारखं हवं. ही तीन गोष्टींची पडताळणी मी प्रत्येकाकडून करवून घेते, कितीही घाई असली तरी. कारण इथली चूक मदरबोर्डवर, म्हणजे मशीनच्या मुख्य सर्किट बोर्डवर जाते.

चित्राचे पोर्ट

आधी डेस्कटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण ही तक्रार नवीन मशीन जोडलं की हमखास येते. कॅबिनेटच्या मागे चित्राचे पोर्ट दोन ठिकाणी असू शकतात. वरच्या भागात यूएसबी आणि ऑडिओच्या गर्दीत असतात ते मदरबोर्डचे. त्याखाली आडव्या पट्टीत वेगळे दिसतात ते ग्राफिक्स कार्डाचे. वेगळं कार्ड बसवलेलं असेल तर मॉनिटर खालच्या आडव्या पट्टीत लावायचा. मदरबोर्डच्या पोर्टात लावला तर दोनपैकी एक होतं: प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसेल तर पडदा काळाच राहतो, आणि असेल तर चित्र येतं पण महागडं कार्ड नुसतं बसून राहतं आणि गेम अडखळतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो लक्षातच येत नाही.

एचडीएमआय सगळ्यांच्या ओळखीचा, १९ संपर्कांचा, खालचे दोन कोपरे तिरके. पहिली आवृत्ती २००२ ची. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच केबलमधून जातात, आणि म्हणूनच एचडीएमआय लावल्यावर स्पीकर अचानक मुके होतात. आवाज मॉनिटरकडे वळलेला असतो आणि बऱ्याच मॉनिटरना स्पीकरच नसतात. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट बदला, आवाज परत येईल.

एचडीएमआय १.४ मध्ये फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळा येतं, २.० मध्ये ६० वेळा, आणि २०१७ च्या २.१ मध्ये १२० वेळा. ३० वर माउसचा बाण पडद्यावर ओढल्यासारखा, तुटक चालतो. फोर-के मॉनिटर घेऊन ‘डोळे दुखतात’ म्हणणाऱ्यांना मी विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंग्जमधलं ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडायला लावते. रिफ्रेश रेट ३० दिसला की जुनी केबल, जुना पोर्ट किंवा स्वस्तातला कन्व्हर्टर, तिघांपैकी एक गुन्हेगार. सुरुवात केबल बदलून करा, ते सगळ्यात सोपं.

डिस्प्लेपोर्ट २००६ मध्ये आला. त्याचा एकच कोपरा कापलेला असतो, बाकी आयत. कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांच्यात मला हाच जास्त आवडतो. मॉनिटरला सोय असेल तर एका पोर्टातून साखळीने दोन मॉनिटर चालवता येतात, आणि वरच्या रिफ्रेश रेटला सहसा अडत नाही. एक जपायचं: याच्या बऱ्याच केबलना तोंडाच्या वर दाबायचं बटण असतं आणि दोन बारीक आकडे आत अडकतात. बटण न दाबता ओढली तर केबल निघत नाही आणि जोर लावला तर पोर्ट सैल होतो. मॉनिटर हलवताना केबल आधी हाताने चाचपून बटण दाबा, मग ओढा.

व्हीजीए १९८७ चा आहे, आयबीएमच्या पीएस/२ मशीनबरोबर आलेला. निळं तोंड, पंधरा पिना तीन ओळींत, दोन्ही बाजूंना स्क्रू. शाळांमधल्या आणि सभागृहांमधल्या प्रोजेक्टरवर तो अजून टिकून आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांसाठी त्यात वेगळी पिन असते. त्यामुळे चित्राच्या रंगावरूनच दोष कुठे आहे ते कळतं. सगळं पिवळसर दिसत असेल तर निळा तुटलाय. आकाशी-हिरवट झाक असेल तर लाल गेलाय. गुलाबी-जांभळट असेल तर हिरवा. अशा वेळी प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये शिरू नका. आधी केबलचं तोंड काढून पिना बघा, एखादी वाकलेली असते. ती बारीक चिमट्याने अगदी हळू सरळ करता येते. एक पिन मुळातच नसेल तर मात्र घाबरायचं कारण नाही: मधल्या ओळीतली नववी पिन बऱ्याच केबलमध्ये बसवलेलीच नसते. आणि स्क्रू दोन्ही बाजूंनी आवळा. एकच आवळला तर तोंड तिरकं बसतं आणि पुन्हा तीच झाक येते.

डीव्हीआय १९९९ चा, पांढरं रुंद तोंड. तो आता मागे पडला. जुन्या मॉनिटरवर दिसला तर एवढं लक्षात ठेवा की डीव्हीआय-डी फक्त डिजिटल असतो. त्यात साधा व्हीजीए जोड लावून चित्र येणार नाही. डीव्हीआय-आय मध्ये सपाट पात्याभोवती चार जादा छिद्रं असतात, त्यातून येतं.

कन्व्हर्टर घेताना दिशा सांगा

दुकानात ‘एचडीएमआय-डिस्प्लेपोर्ट केबल द्या’ म्हणणं पुरेसं नाही. कॉम्प्युटरच्या बाजूला काय आणि मॉनिटरच्या बाजूला काय, हे सांगायलाच हवं. डिस्प्लेपोर्टच्या कॉम्प्युटरमधून एचडीएमआयच्या मॉनिटरकडे जायचं तर साधी केबल बहुतेकदा चालते, कारण पुष्कळ डिस्प्लेपोर्ट स्वतःच एचडीएमआयचे सिग्नल सोडू शकतात. पोर्टशेजारी डीपीच्या चिन्हापुढे दोन अधिकची चिन्हं असतात, ती हेच सांगतात. उलट दिशेला, एचडीएमआयच्या कॉम्प्युटरमधून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरकडे, ती केबल मेलेली राहते. तिथे आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुतेक वेळा यूएसबीतून वेगळी वीज द्यावी लागते. एचडीएमआय ते व्हीजीए यालाही चिप लागते, कारण डिजिटलचं अ‍ॅनालॉग करायचं असतं. आवाज व्हीजीएतून जात नाही, तो कन्व्हर्टरच्या बाजूच्या छोट्या जॅकमधून वेगळा घ्यावा लागतो. टाइप-सी ते एचडीएमआय हा जोड घेण्याआधी वर सांगितलेलं चिन्ह किंवा तपशीलपत्र बघा. पोर्टातून चित्रच निघत नसेल तर साधा जोड कितीही चांगल्या कंपनीचा घ्या, पडदा काळाच.

नेटवर्कचा पोर्ट

आरजे-४५, ज्याला सगळे लॅन पोर्ट म्हणतात, त्यात आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० मेगाबिटच्या नेटवर्कला दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. यातून एक फसवी अवस्था तयार होते: १०० मेगाबिटला न लागणाऱ्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी नेट चालूच राहतं, फक्त वेग १०० वर घसरतो. लोक महिनोन् महिने इंटरनेट कंपनीला दोष देत बसतात. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेट उघडून ‘लिंक स्पीड’ बघा. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही गिगाबिटचे असताना तिथे १००/१०० दिसलं तर केबल बदला. तिथे १०००/१००० दिसलं तरच बाहेरच्या लाइनबद्दल तक्रार करा.

केबलवर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ छापलेलं असतं. गिगाबिटसाठी कॅट ५ई पुरते, एका तुकड्याची लांबी १०० मीटरपर्यंत. तोंडावरची प्लास्टिकची छोटी चाप तुटली असेल तर केबल बसलेली दिसते पण धक्क्याने सुटते. तोंड नवीन क्रिम्प करून (खास पकडीने दाबून बसवून) घेणं हेच त्याचं औषध, चिकटपट्टी नको. टेलिफोनची अरुंद वायर या पोर्टात शिरते, पण शिरवू नका. कडेचे संपर्क तिच्या कडांनी दबतात आणि मग नेटवर्कची केबल नीट टेकत नाही.

पोर्टवरचे दोन बारीक दिवे खूप सांगतात. दोन्ही बंद असतील तर बहुतेक वेळा पलीकडचा राउटर किंवा नेटवर्कचा स्विच बंद आहे किंवा केबल तुटली आहे, सॉफ्टवेअरमध्ये शोधण्याआधी तेच बघा.

ऑडिओ आणि बाकीचे जुने सोबती

डेस्कटॉपमागे साडेतीन मिलिमीटरचे गोल जॅक रंगीत असतात: हिरवा स्पीकरचा, गुलाबी माइकचा, निळा बाहेरचा आवाज आत घेण्याचा. लॅपटॉपवर बहुतेकदा एकच असतो, ऐकणं आणि बोलणं दोन्हींसाठी. तुमच्या हेडफोनच्या पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन असतील तर फक्त ऐकू येईल. तीन असतील तर माइकही त्यातच आहे. दोन वेगळ्या पिनांचा हेडसेट एका जॅकच्या लॅपटॉपला लावायला जोडणारा स्प्लिटर मिळतो. आणि गाण्यातलं संगीत ऐकू येतंय पण गायकाचा आवाजच गायब आहे, असं झालं तर पिन पूर्ण आत गेलेली नाही. एक कट्टदिशी आवाज येईपर्यंत दाबा.

जांभळा आणि हिरवा गोल पीएस/२ पोर्ट कीबोर्ड आणि माउसचा. तो चालू मशीनवर काढू-घालू नये, एवढं पुरे. नऊ पिनांचा सिरियल पोर्ट घरी लागत नाही, पण यंत्रं, वजनकाटे आणि नेटवर्कची उपकरणं यांच्याशी बोलायला अजून लागतो, आणि यूएसबीवरून तो देणारी केबल मिळते. पंचवीस छिद्रांचा लांब पोर्ट जुन्या प्रिंटरचा.

पोर्टची निगा आणि जागेची निवड

पोर्ट पुढे आहे की मागे, याने फरक पडतो. कॅबिनेटच्या पुढचे यूएसबी आतल्या एका केबलने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती केबल सैल असेल किंवा हलकी असेल तर बाहेरची डिस्क मधेच सुटते. पेनड्राइव्ह पुढे चालेल, बॅकअपची डिस्क मात्र मागे थेट मदरबोर्डच्या पोर्टात लावा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ चा ९०० देण्यासाठी ठरलेला आहे. स्वतःची वेगळी वीज नसलेल्या साध्या हबवर (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) दोन डिस्क लावल्या तर त्याच विजेत त्या दोघी भागवतात आणि एक टकटक आवाज करत बंद पडते. अशा वेळी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.

वायरलेस माउस अडखळतोय? त्याचा इवलासा डोंगल (यूएसबीत खोचायचा रिसीव्हर) यूएसबी ३ च्या डिस्कच्या अगदी शेजारी आहे का ते बघा. यूएसबी ३ च्या केबलमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि डोंगलही त्याच पट्ट्यात बोलतो. डोंगल दुसऱ्या बाजूला हलवा, किंवा वीतभर एक्स्टेन्शन लावून लांब ठेवा. बॅटरी बदलण्याआधी हे करून बघा.

टाइप-सी पोर्टात केबल सैल बसू लागली, थोडं हललं की चार्जिंग तुटू लागलं, तर पोर्ट खराब झाला असं लगेच ठरवू नका. पिशवीतली आणि खिशातली धूळ, कपड्याचे धागे त्यात दाबून-दाबून तळाशी बसतात आणि केबल अर्धा मिलिमीटर वर राहते. मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा, लाकडी दातकोरणी घेऊन मधल्या जिभेला न लागता कडेकडेने, तळापासून बाहेर असा मळ ओढून काढा. सुई, टाचणी, सेफ्टी पिन आत घालू नका, जीभ नाजूक असते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी संपर्क असतात. शेवटी टॉर्चने बघा, तळाचं धातू चकाकलं की झालं. केबल घातल्यावर ती कट्ट करून बसली पाहिजे आणि तोंडाची कड लॅपटॉपच्या पत्र्याला टेकली पाहिजे. एवढं करूनही ती हलत असेल तर दुसरी केबल लावून बघा. तीही हलली तर पोर्ट बदलून घ्यायची वेळ आली आहे. असा पोर्ट चार्जिंग चालू असताना तापू लागतो, म्हणून ते काम पुढे ढकलू नका.